जांभळ्या दिव्याची कुळकथा



कृषी प्रदर्शनात हल्ली एक स्टॉल हमखास दिसतो. जांभळ्या उजेडात ठेवलेलं लेट्यूस, आणि पुढे उभा असलेला पोरगा सांगतोय, "काका, झाडाला हाच उजेड लागतो. पांढरा चालत नाही." दर मात्र साध्या एलईडी बॅटनच्या तिप्पट. मला घरातल्या रिकाम्या खोलीत रोपांसाठी मांडणी करायची होती, म्हणून हा जांभळा रंग मुळात आला कुठून, ते शोधत बसलो. गोष्ट पार 1880 पर्यंत मागे गेली.

त्या साली इंग्लंडमध्ये विल्यम सीमेन्स या इंजिनिअरने डायनॅमोवर चालणारा आर्क दिवा झाडांवर लावला. आर्क दिवा म्हणजे कोळशाच्या दोन कांड्यांमधली ठिणगी, आपल्या वेल्डिंगसारखी. त्याने झाडांचे चार गट केले: एक पूर्ण अंधारात, एक फक्त दिव्यावर, एक फक्त उन्हावर, आणि एक दिवसा ऊन व रात्री दिवा. चौथा गट सगळ्यात सरस निघाला. उघड्या दिव्याने पानं करपत होती, मध्ये काच धरली की थांबत होती, कारण त्या ठिणगीतले अतिनील किरण काच अडवते. पुढे 1891 मध्ये अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात लिबर्टी हाइड बेली यांनी हेच काचघरात करून पाहिलं. त्यांचा पालक दिव्याखाली भाजी न होताच फुलोऱ्यावर गेला. भाजीवाल्याच्या दृष्टीने नुकसानच, पण खरी मेख त्यातच होती.

ती मेख सापडायला जवळजवळ तीस वर्षं गेली. अमेरिकेच्या कृषी खात्यात गार्नर आणि अलार्ड हे दोघे तंबाखूवर काम करत होते. 'मेरीलँड मॅमथ' नावाचं वाण नुसतं उंच वाढायचं, उन्हाळ्यात फुलायचंच नाही. खत, पाणी, तापमान, सगळं तपासून झालं. 1918 मध्ये त्यांनी झाडं दुपारनंतर अंधाऱ्या खोपटात न्यायची आणि सकाळी बाहेर काढायची, असा क्रम धरला. दिवस लहान झाला आणि तंबाखू फुलला. 1920 मध्ये त्यांनी ते छापलं. आपल्याकडे हे शेतकऱ्याला वेगळ्या शब्दांत ठाऊकच होतं म्हणा. गावरान पावटा लवकर पेरला तरी फुलं थंडीच्या तोंडावरच धरतो, हे आजीला कुणी शिकवलं नव्हतं.

पण पुढचं कुणालाच ठाऊक नव्हतं. 1938 मध्ये हॅमनर आणि बॉनर यांनी झँथियमवर प्रयोग केले. हे तेच बांधावरचं तण, ज्याची काटेरी फळं धोतराला चिकटतात. लांब रात्रीच्या मधोमध काही मिनिटं उजेड दाखवला, तर ते फुलत नाही. म्हणजे झाड दिवस मोजत नाही, रात्र मोजतं. शेवंतीच्या पॉलिहाउसमध्ये मध्यरात्री दिवे लावतात ते यासाठीच. आपल्या भागात ड्रॅगन फ्रूटच्या बागेत हिवाळ्यात रात्री बल्ब पेटलेले दिसतात, तिथेही तत्त्व तेच, फक्त हेतू उलटा: शेवंतीचं फुलणं लांबवायचं असतं, ड्रॅगनला फुलवायचं असतं.

1952 मध्ये बेल्ट्सव्हिलच्या संशोधन केंद्रात बॉर्थविक, हेंड्रिक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'ग्रँड रॅपिड्स' लेट्यूसच्या बियांवर तांबडा उजेड टाकला. बी उगवलं. त्यानंतर लगेच अतितांबडा टाकला, तर उगवण थांबली. शेवटी जो रंग दाखवाल, तो बी मानतं.

आता एलईडी. तांबडा एलईडी 1962 मध्ये निक होलोनियाक यांनी केला. अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या गटाने 1991 मध्ये तांबड्या एलईडीखाली लेट्यूस वाढवल्याचं छापलं (वाण पुन्हा तेच ग्रँड रॅपिड्स, बिचाऱ्याची सुटका नाही). हेतू अंतराळात भाजी पिकवण्याचा होता, तिथे हलका, कमी वीज खाणारा दिवा हवा. झाडाला थोडा निळाही लागतो, पण जोमदार निळा एलईडी तेव्हा बाजारात नव्हता. त्यांनी निळ्या ट्यूबलाइट लावून भागवलं. तसा निळा एलईडी जपानच्या नाकामुरांनी 1993 मध्ये आणला, आणि त्याबद्दल 2014 चं नोबेल त्यांना आकासाकी व अमानो यांच्याबरोबर मिळालं. तांबडा अधिक निळा, झाला जांभळा. एवढीच त्याची कुळकथा. कमी विजेत जास्त काम, हा त्यामागचा हिशेब होता. पांढरा चालत नाही, असं म्हणायला आधार नाही.

उलट मॅक्री यांनी 1972 मध्ये 22 पिकांच्या पानांवर मोजून दाखवलं होतं की हिरवा उजेडही प्रकाशसंश्लेषणात बऱ्यापैकी कामी येतो. आणि पांढरा एलईडी म्हणजे तरी काय, निळ्या चिपवर पिवळी फॉस्फर पूड. त्यात निळा आहे, हिरवा आहे, तांबडाही आहे. शिवाय जांभळ्या उजेडात पान पिवळं पडलंय की काळपट झालंय, काही कळत नाही. अंतराळ स्थानकावरच्या 'व्हेजी' पेटीत तांबड्या-निळ्यासोबत हिरवे दिवेही आहेत, त्याने झाड डोळ्याला झाडासारखं दिसतं. त्या पेटीतलं लेट्यूस ऑगस्ट 2015 मध्ये अंतराळवीरांनी खाल्लं. त्याच वर्षी आपल्याकडे उजाला योजना सुरू झाली, आणि घाऊक खरेदीत 310 रुपयांचा बल्ब दोन-तीन वर्षांत 40 च्या खाली आला.

म्हणून माझ्या मांडणीवर साध्या पांढऱ्या बॅटन आहेत. 4 बाय 2 फुटांचा कप्पा, 20 वॅटच्या 6 बॅटन, ट्रेपासून वीतभर उंचीवर, भिंतीला चुना, एक लहान पंखा, 16 तासांचा टायमर. रोपांना मिळतात अंदाजे 170 मायक्रोमोल. भर दुपारचं ऊन 2000 च्या आसपास असतं, म्हणजे आपण त्याचा जेमतेम बारावा हिस्सा देतो. रोपाला तेवढं पुरतं. फळाला नाही पुरत, त्यामुळे खोलीत टोमॅटो पिकवायच्या भानगडीत पडू नये.

वीज दिवसाला 1.92 युनिट, 25 दिवसांत 48. युनिट 8 रुपयांनी धरलं, तर 384 रुपये. कप्प्यात 98 कप्प्यांचे 4 ट्रे बसतात, रोपं 392. रोपामागे जवळपास रुपया फक्त उजेडाचा. शेडनेटखाली ऊन फुकट असताना हा रुपया मी जानेवारीत घालणार नाही. पण आषाढ-श्रावणात सूर्य आठ-आठ दिवस दिसत नाही, रोपं सुतासारखी लांबतात आणि मर लागून निम्मा ट्रे बसतो. महागड्या संकरित मिरचीचं बी असेल तर तेव्हा घालीन.