लेखकाच्या हातातली प्रत

शोधनिबंध छापून आला की नियतकालिक लेखकाला त्याच्या काही सुट्या प्रती देत असे. ज्या संस्थेला ते नियतकालिक परवडत नसे, तिथला संशोधक लेखकाला पोस्टकार्ड टाकी आणि लेखक एक प्रत टपालाने पाठवी. शोधनिबंधांच्या ज्या खुल्या भांडाराला आपण आज रिपॉझिटरी म्हणतो, त्याचं मूळ या रिवाजात आहे. छपाई प्रकाशकाची असली, तरी मागेल त्याला प्रत देणं हे लेखकाचं काम.

भौतिकशास्त्रज्ञ तर छपाईचीही वाट न पाहता मसुदे एकमेकांना पाठवत. पुढे हे मसुदे ईमेलने जाऊ लागले. १९९१च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या अ‍ॅस्पेन इथे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे स्पेंटा वाडिया यांनी एक अडचण बोलून दाखवली: प्रवासात असताना आलेल्या मसुद्यांनी संगणकावरची आपल्या वाट्याची जागा भरून जाते. हे ऐकून पॉल गिन्स्पार्ग यांनी मसुदे एकाच ठिकाणी ठेवून मागेल त्याला आपोआप पाठवणारी व्यवस्था रचली. त्याच वर्षी १४ ऑगस्टला लॉस अलामोसमध्ये ती सुरू झाली. तीच पुढे ‘अर्काइव्ह’ झाली.

प्रत्येक संस्थेला असं भांडार उभारता यावं म्हणून २००० साली साउदॅम्प्टन विद्यापीठातून ‘ईप्रिंट्स’ आणि २००२ साली अमेरिकेतल्या एमआयटी व एचपी यांच्याकडून ‘डीस्पेस’ ही मोफत सॉफ्टवेअर आली. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, आयुका हे खगोलशास्त्र केंद्र आणि गोखले अर्थशास्त्र संस्था यांनी डीस्पेस घेतलं. त्यापूर्वीच आयुकाने नासाच्या खगोलशास्त्रीय ग्रंथसूचीची जुळी प्रत पुण्यात ठेवली होती. गोखले संस्थेच्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयाने आपली दुर्मिळ पुस्तकं स्कॅन करून सगळ्यांसाठी खुली केली.

२००९मध्ये वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने (सीएसआयआर) आपल्या प्रयोगशाळांना खुल्या भांडारांची दिशा दिली. या सगळ्या भांडारांतल्या नोंदी एकत्र गोळा करून एकाच जागी शोधता येतील, अशी ‘सीएसआयआर सेंट्रल’ ही व्यवस्था सांभाळली ती कोथरूडच्या पौड रस्त्यावरच्या ‘उर्दिप’ या संस्थेने. प्रत्येक निबंधाचं शीर्षक, लेखक, वर्ष ठराविक साच्यात लिहिलेलं असतं. तो साचा सगळीकडे सारखा असल्यामुळेच एक यंत्र अनेक भांडारं वाचू शकतं.

भांडारात नेमकं काय ठेवायचं, इथे बरेच संशोधक घुटमळतात. निबंधाची तीन रूपं असतात: लेखकाने पहिल्यांदा पाठवलेला मसुदा, परीक्षकांच्या सूचनांनंतर दुरुस्त होऊन स्वीकारली गेलेली प्रत, आणि प्रकाशकाने मांडणी केलेली पीडीएफ. तिसऱ्या रूपावर बहुधा प्रकाशकाचा हक्क असतो. दुसऱ्यात मात्र सगळं विज्ञान असतं, आणि ती प्रत लेखकाच्या संगणकावरच असते. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान आणि विज्ञान-तंत्रज्ञान विभागांनी डिसेंबर २०१४मध्ये धोरण जाहीर केलं, ते हीच प्रत मागतं. अमुक काळ प्रत खुली करू नये अशी प्रकाशकाची अट आड येत असेल, तर जमा केलेली प्रत खुली करायला विज्ञान विषयांत ६ महिने आणि सामाजिक शास्त्रांत १२ महिने थांबायची मुभा त्यात आहे.

नोव्हेंबर २०२४मध्ये केंद्राने ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजनेला तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये मंजूर केले. सरकारी उच्चशिक्षण आणि संशोधन संस्थांना त्यातून सुमारे १३,००० नियतकालिकं वाचायला मिळतात. मोठी सोय आहे ही. पण भोसरीतला लघुउद्योजक, जुन्नरमधला शाळामास्तर, खासगी दवाखान्यातली डॉक्टर या वर्गणीच्या बाहेरच राहतात. शिवाय वर्गणी दर काही वर्षांनी पुन्हा भरावी लागते. भांडारात एकदा ठेवलेली प्रत मात्र या सगळ्यांना आज मिळते आणि दहा वर्षांनीही मिळेल. लोकांच्या करातून झालेलं संशोधन त्यांच्यापर्यंत पोचवण्याचा याहून स्वस्त मार्ग नाही. म्हणून निबंध स्वीकारल्याचं पत्र येईल त्याच दिवशी पुण्यातल्या प्रत्येक संशोधकाने आपली स्वीकृत प्रत भांडारात जमा करावी.