शब्दवेध : कॉकेशियन

अमेरिकेत गोऱ्या माणसासाठी ‘कॉकेशियन’ हा शब्द आजही वापरला जातो. ऐकायला तो शास्त्रीय वाटतो, पण त्याच्या मुळाशी आहे एका प्राध्यापकाची आवड. जर्मनीतल्या गटिंगेनच्या योहान ब्लूमेनबाख यांच्या संग्रहात जॉर्जियातल्या एका स्त्रीची कवटी होती. ती त्यांना सर्वांत सुंदर वाटे. १७९५ साली त्यांनी युरोपीयांना आणि त्यांच्याशी जोडलेल्या काही समूहांना कॉकेशस पर्वताचे नाव दिले. माणसांचे हे गट एकमेकांत नकळत मिसळून जातात, हेही त्यांनीच बजावले होते. नाव तेवढे रुजले.

पुढे या नावावर नागरिकत्व ठरू लागले. नोव्हेंबर १९२२मध्ये अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने जपानमध्ये जन्मलेल्या ताकाओ ओझावांना नागरिकत्व नाकारले, कारण गोरा म्हणजे कॉकेशियन आणि ते कॉकेशियन नाहीत. तीनच महिन्यांनी भगतसिंग थिंद यांचा निकाल लागला. अमेरिकी लष्करात राहिलेल्या या पंजाबी माणसाला तेव्हाचे अनेक अभ्यासक कॉकेशियनच म्हणत. मग ओझावांचाही निकाल लिहिणाऱ्या न्यायमूर्ती सदरलँड यांनी कसोटीच बदलली : शास्त्र काहीही म्हणो, सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा. हे वाचताना आजही संताप येतो. रक्ताचा, हाडांचा प्रश्न यात उरलाच कुठे?

त्यानंतर अनेक भारतीयांना मिळालेले नागरिकत्व काढून घेतले गेले. थिंद यांचे वकील सखाराम गणेश पंडित यांच्यावरही तीच कारवाई झाली. ते लढले आणि १९२७ साली जिंकले.