आजोबांची शिकारी रायफल कोणत्या दारूची? नाव नाही, शिक्का बघा

ब्रिटिश काळात इंग्लंडहून भारतात आलेल्या अनेक शिकारी रायफली आजही काही घरांत वारशाने जपल्या आहेत. त्यातल्या दोन दुनळी रायफली वरवर सारख्या दिसतात, पण एकीची काडतुसं दुसरीत घालणं जिवावर बेतू शकतं.

धोका नेमका कुठे?
एकोणिसाव्या शतकात पॉइंट ४५० एक्सप्रेस रायफली काळ्या दारूवर चालत. १८९८ मध्ये लंडनच्या रिग्बी कंपनीने त्याच मापाच्या काडतुसात कॉर्डाइट ही धूरविरहित दारू भरून ‘नायट्रो एक्सप्रेस’ आणलं. माप तेच, दाब मात्र कितीतरी जास्त. त्यामुळे काडतूस जुन्या रायफलीत सहज बसतं, पण बार उडताना नळी फुटू शकते.

कसं ओळखायचं?
- चाचणीचे शिक्के: लंडन आणि बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसचे शिक्के नळ्यांवर, बहुतेकदा खालच्या सपाट भागावर असतात. १९०४ नंतरच्या बर्मिंगहॅमच्या शिक्क्यांत मुकुटाखाली ‘बीपी’ म्हणजे बर्मिंगहॅमची चाचणी (‘बर्मिंगहॅम प्रूफ’), तर ‘एनपी’ म्हणजे नायट्रो.
- बाहेरचे घोडे: यावरून वय साधारण कळतं, पण दारूचा प्रकार ठरत नाही. घोडे असलेल्या काही रायफलीही नायट्रोसाठी बनल्या होत्या.
- नळीवरचं नाव: ते नेहमीच कारखान्याचं नसतं. कलकत्त्याच्या मँटन किंवा रॉडासारख्या दुकानांचं नावही असू शकतं.
- ‘नॉट इंग्लिश मेक’: १९२५ च्या नियमांनंतर ब्रिटनमध्ये तपासलेल्या परदेशी हत्यारांवर हा शिक्का येऊ लागला.

वेगळं नाव, तेच काडतूस
कधी उलटंही असतं. जिम कॉर्बेट यांना चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल १९०७ मध्ये मिळालेल्या रायफलीचं काडतूस होतं पॉइंट २७५ रिग्बी. ते मूळचं जर्मन ७ बाय ५७ मिलिमीटर माउजर काडतूसच.

वारसांनी काय करायचं?
रायफल जुनी असली तरी परवाना लागतोच. शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला जास्तीत जास्त दोन बंदुका ठेवता येतात. वारशाच्या बंदुकाही त्यातच मोजल्या जातात. शिक्के पुसट असतील, तर अंदाजाने काडतूस भरू नका. परवानाधारक बंदूक कारागिराकडून तपासून घ्या.