घानातला एक संगणक

१/ २७ जून २०१७. नवी मुंबईजवळच्या न्हावा शेवा बंदरातील एका कंटेनर टर्मिनलची संगणकयंत्रणा बंद पडली. त्याच दिवशी रॉटरडॅम आणि लॉस एंजेलिस येथील टर्मिनलांवरही हेच संकट कोसळले. या साऱ्यांमागे कंपनी एकच होती : डेन्मार्कची मेर्स्क. जगाच्या सागरी कंटेनर वाहतुकीचा सुमारे पाचवा हिस्सा तेव्हा तिच्याकडे होता.

२/ हल्ल्याचा उगम युक्रेनमध्ये झाला. तेथे हिशेब व करभरणा यांसाठी वापरल्या जाणाऱ्या ‘एम.ई.डॉक’ या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून ‘नॉटपेट्या’ हा घातक प्रोग्रॅम पसरवण्यात आला. तो वरकरणी खंडणी मागे; परंतु खंडणी भरूनही माहिती परत मिळण्याची सोय त्यात नव्हती. अमेरिका व ब्रिटन यांनी पुढे रशियन लष्कराला जबाबदार धरले. रशियाने आरोप नाकारला.

३/ मेर्स्कचे युक्रेनमध्येही कार्यालय होते. तेथून हा प्रोग्रॅम कंपनीच्या जगभरच्या जाळ्यात शिरला आणि हजारो संगणक निकामी झाले.

४/ खरा घाव ‘डोमेन कंट्रोलर’ या सर्व्हरांवर बसला. जाळ्यात कोण आहे आणि कोणाला कोठे प्रवेश द्यायचा, याची नोंद हे सर्व्हर ठेवतात. ती नोंद नसेल, तर इतर माहिती शाबूत असूनही जाळे पुन्हा उभे करता येत नाही.

५/ असे सुमारे १५० सर्व्हर कंपनीकडे होते. एकात झालेला बदल इतरांपर्यंत आपोआप पोहोचे. यालाच रेप्लिकेशन म्हणतात. एक सर्व्हर जळाला, तर दुसरा त्याची जागा घेईल, हा हिशेब चूक नव्हता.

६/ मात्र सर्व सर्व्हर एकाच वेळी नष्ट होतील, ही शक्यता त्या हिशेबात धरलेली नव्हती. सगळ्या प्रती एकमेकींशी जोडलेल्या होत्या, म्हणूनच हल्ला प्रत्येकीपर्यंत पोहोचू शकला.

७/ एक प्रत तेवढी वाचली, घानामधील कार्यालयात. हल्ल्यापूर्वी तेथील वीज गेली होती, त्यामुळे तो सर्व्हर जाळ्यापासून तुटलेला होता. शेकडो निष्णात अभियंते जे वाचवू शकले नाहीत, ते खंडित विजेने वाचवले!

८/ आता ती माहिती इंग्लंडमधील मेडनहेडच्या कार्यालयात आणायची होती. घानातील इंटरनेट इतके मंद, की त्यावरून ती पाठवण्यास कित्येक दिवस लागले असते. तेथील कोणाकडेही ब्रिटनचा व्हिसा नव्हता. अखेर घानातील एक कर्मचारी हार्ड डिस्क घेऊन नायजेरियाला गेला, विमानतळावर ती सहकाऱ्याच्या हाती दिली आणि तो लंडनला निघाला.

९/ त्या एका प्रतीच्या आधारावर जाळे पुन्हा उभे राहिले. कंपनीच्या अध्यक्षांनी नंतर सांगितल्यानुसार १० दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने सज्ज करण्यात आले. नुकसानीचा कंपनीचा स्वतःचा अंदाज होता २५ ते ३० कोटी डॉलर.

१०/ यंत्र बिघडले, इमारत जळाली, तर क्षणोक्षणी अद्ययावत होणारी प्रत तारून नेते. परंतु चूक झाली, फाइल पुसली गेली, तर तो बदलही ती तितक्याच तत्परतेने उतरवून घेते. म्हणून रेप्लिकेशनच्या जोडीला जुन्या तारखेची, जाळ्यापासून तोडलेली आणि अधूनमधून तपासून पाहिलेली एक प्रत हवीच. मेर्स्कला ती योगायोगाने मिळाली. आपण ती जाणीवपूर्वक ठेवावी.