एकच धूळ, निरनिराळी शरीरे

अ‍ॅलर्जी हा विषय वाचकांना परका नाही. सकाळी उठल्याबरोबर सुरू होणाऱ्या शिंका, लहान मुलाच्या कोपराच्या खोबणीत चिघळणारे इसब, हवा बदलली की लागणारी धाप, एखादा पदार्थ खाल्ल्यावर अंगावर उठणाऱ्या गांधी, यांतले काही ना काही बहुतेक घरांनी अनुभवलेले असते. ‘आमच्या घराण्यातच दमा आहे’ हे वाक्यही तितकेच ओळखीचे. त्यात तथ्य किती, हे शोधण्याचे काम शंभराहून अधिक वर्षे चालू आहे. त्या शोधाची ओळख सोलापूरच्या वाचकांना करून देताना मला मनापासून आनंद होतो, कारण हा प्रश्न या शहराने पिढ्यान्‌पिढ्या अंगावर वागवला आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात येथे कापडगिरण्या उभ्या राहिल्या, पुढे यंत्रमाग आले. चादरी आणि टॉवेलांनी गावाचे नाव दूरवर नेले. दुसरीकडे घरोघरी बायका विड्या वळत राहिल्या. कापसाची किंवा तंबाखूची धूळ इथल्या हजारोंच्या रोजच्या श्वासात मिसळली. तरीही एकाच पाळीत, शेजारशेजारच्या मागांवर उभ्या असणाऱ्या दोघांपैकी एकाची छाती आवळते आणि दुसरा म्हातारपणापर्यंत ठणठणीत राहतो. या फरकाचे पूर्ण उत्तर जनुकांत नाही. पण जनुकांना वगळून ते मिळणारही नाही.

इथे एक भेद सुरुवातीलाच लक्षात घ्यावा. कापसाच्या धुळीने होणारा बिसिनोसिस हा रूढ अर्थाने अ‍ॅलर्जीचा आजार नाही. सुटीनंतर कामाच्या पहिल्याच दिवशी छाती जास्त जखडणे ही त्याची खूण, आणि कापसावरील जिवाणूंतून येणारे एंडोटॉक्सिन हे त्याचे प्रमुख कारण मानले जाते. तरी आपल्या विषयाशी त्याचे जवळचे नाते आहे. शांघायमधील सुती आणि रेशमी गिरण्यांच्या कामगारांचा १९८१ पासून अनेक वर्षे पाठपुरावा झाला. दाह चेतवणाऱ्या टीएनएफ या प्रथिनाच्या जनुकात व्यक्तिगणिक जे बारीक भेद असतात, त्यांनुसार एंडोटॉक्सिनचा फुफ्फुसांच्या क्षमतेवरील परिणाम कमीजास्त होतो, असे त्या अभ्यासात आढळले. सोलापूरकरांनी ही माहिती आपल्या घरची समजून वाचावी.

आता मूळ अ‍ॅलर्जीकडे वळू. ‘अ‍ॅलर्जी’ हा शब्द १९०६ मध्ये व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी रूढ केला. दहाच वर्षांनी, १९१६ मध्ये, न्यूयॉर्कच्या कुक आणि व्हँडर वीर यांनी रुग्णांच्या कुटुंबांची पद्धतशीर विचारपूस करून आनुवंशिकतेचा मुद्दा मांडला. १९६६-६७ मध्ये आयजीई हे प्रतिपिंड ओळखले गेले आणि शिंक, दमा, गांधी यांच्यामागची समान यंत्रणा स्पष्ट झाली. जनुकांची नावे हाती लागायला मात्र आणखी बराच काळ गेला.

त्यातले सर्वांत बोलके नाव फिलॅग्रिन. त्वचेचा वरचा थर घट्ट ठेवणारे हे प्रथिन. २००६ मध्ये स्कॉटलंडच्या डंडी येथील अर्विन मॅक्लीन यांच्या गटाने दाखवले की या जनुकात विशिष्ट बिघाड असलेल्यांना इसबाचा धोका बराच वाढतो. धाब्याच्या घरावरची पांढरी माती पातळ झाली की पाणी आत झिरपते, तशी अशी त्वचा बाहेरच्या कणांना वाट देते. मग शरीर त्यांना शत्रू मानायला शिकते, आणि इसबामागून दमाही येऊ शकतो. अ‍ॅलर्जीचे मूळ रक्तात शोधणाऱ्यांना त्वचेकडे पाहायला लावणारा हा शोध मला या क्षेत्रातला सर्वांत सुंदर वाटतो. पुढच्याच वर्षी सतराव्या गुणसूत्रावरील एका भागाचा बालदम्याशी संबंध उघड झाला. लहानपणी घरात तंबाखूचा धूर असेल, तर या भागातील भेदांचा परिणाम अधिक जाणवतो, हेही नंतर दिसले. घरात विडी ओढणाऱ्या प्रत्येकाने हे जरूर ध्यानात ठेवावे.

वाचकांनी एक सावधगिरी बाळगावी. फिलॅग्रिनचे जे बिघाड युरोपीय वंशाच्या सुमारे दहा टक्के लोकांत आढळतात, ते आशियात विरळ आहेत. जपान आणि चीनमध्ये त्याच जनुकातले वेगळेच बिघाड सापडले. म्हणून तिकडची यादी इकडे जशीच्या तशी लागू पडत नाही. सोलापूरचे महत्त्व इथे कळते. मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारे समाज येथे एकाच हवेत राहतात आणि लग्ने बहुधा आपापल्या समाजात करतात. त्यामुळे काही भेदांचे प्रमाण समाजागणिक बदलू शकते. यातून कोणत्याही समाजावर ठपका येत नाही, कारण एकाच समाजातल्या दोन माणसांमधला फरकही मोठा असतो. दहा हजार भारतीयांच्या जनुकसंचांचे वाचन करणाऱ्या ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पामुळे असे प्रश्न आता आपल्या माहितीच्या आधारे विचारता येतील.

जनुकांत धोका लिहिला आहे म्हणजे आजार ठरलेलाच, असे मात्र समजू नका. अमेरिकेतील आमिश आणि हटराइट या शेतकरी समाजांचे पूर्वज जवळच्या नात्यातले. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आमिश मुलांत दम्याचे प्रमाण सुमारे ५ टक्के, तर हटराइट मुलांत सुमारे २१ टक्के निघाले. आमिशांची शेती जुन्या वळणाची, जनावरे घराला लागून, हटराइटांची यांत्रिक. आमिशांच्या घरातल्या धुळीत एंडोटॉक्सिन कितीतरी जास्त होते. गिरणीत फुफ्फुसाला जाचणारा हाच पदार्थ गोठ्याजवळ वाढणाऱ्या बाळाला कदाचित राखत असावा. मात्रा, वय आणि जनुक या तिन्हींचा विचार एकत्रच करावा लागतो.

या विषयात शिरताना जनुकांची नावे पाठ करू नका. आधी आपल्या घराचा तीन पिढ्यांचा वंशवृक्ष काढा: कोणाला काय होते, कोणत्या वयात सुरू झाले, ते माणूस काम काय करत होते. आजोळची बाजू सोडू नका. इरावती कर्वे यांनी १९५३ च्या आपल्या ग्रंथात भारतातील नातेसंबंधांची मांडणी केली आहे. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची आपल्याकडची चालही त्यात येते. तुमच्या घरात असे लग्न झाले असेल, तर तिथे दोन्ही शाखा जोडणारी रेघ दुहेरी काढा आणि मगच पुढचे प्रकरण उघडा.