घरातील सक्रिय व्हिडिओ गेम आणि मुलांची शारीरिक हालचाल

होसूर आणि सर्जापूर या दोन रस्त्यांच्या नावांवरून ओळखला जाणारा एचएसआर लेआउट हा बंगळुरूच्या आग्नेय भागातील परिसर बंगळुरू विकास प्राधिकरणाने विकसित केला आहे. सात सेक्टर, जागोजागी उद्याने आणि शेजारी आगरा तलाव अशी याची रचना असल्याने मुलांना खेळण्यासाठी जागाच नाही, असे येथे म्हणता येत नाही. अडचण वेळेची आहे. बंगळुरूमध्ये एप्रिल-मे आणि पुन्हा सप्टेंबर-ऑक्टोबर या महिन्यांत पाऊस बहुधा दुपारनंतर किंवा सायंकाळी येतो, म्हणजे नेमका मुलांच्या खेळण्याच्या वेळी. माहिती तंत्रज्ञान क्षेत्रात नोकरी करणारे पालक सिल्क बोर्ड चौकातील वाहतूक कोंडीतून घरी पोहोचतात, तेव्हा अंधार पडलेला असतो. नोकरीनिमित्त येथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांचीही स्थिती याहून वेगळी नाही. अशा वेळी घरातील दूरचित्रवाणी संचाचाच उपयोग करून मुलांना हालचाल करायला लावता येईल का, हा प्रश्न स्वाभाविकपणे पुढे येतो.

ज्या खेळात केवळ बोटांनी कळ न दाबता हात, पाय किंवा संपूर्ण शरीर हलवून पडद्यावरील पात्र चालवावे लागते, त्याला सक्रिय व्हिडिओ गेम म्हणतात. जपानच्या कोनामी कंपनीने १९९८ मध्ये आणलेला ‘डान्स डान्स रिव्होल्यूशन’ हा या प्रकारातील पहिला मोठा यशस्वी खेळ मानला जातो. पडद्यावर दिसणाऱ्या बाणांनुसार त्यात पायाखालच्या चौकोनांवर पावले टाकायची असतात. जमिनीवर खडूने घरे आखून खेळल्या जाणाऱ्या आपल्याकडील खेळाचेच, कन्नड मुलांच्या ‘कुंटे बिल्ले’चेच, हे विद्युत रूप म्हणायला हरकत नाही. अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्याने २००६ मध्ये हा खेळ आपल्या सर्व सरकारी शाळांत नेण्याची योजना जाहीर केली होती.

त्याच वर्षी निन्टेन्डो कंपनीचे ‘वी’ हे उपकरण बाजारात आले. हातातील नियंत्रक हलवला की त्यातील संवेदक वेग आणि दिशा टिपत असे. टेनिस खेळताना अनेकांच्या हातून हा नियंत्रक निसटू लागल्याने कंपनीला काही आठवड्यांतच मनगटाचे पट्टे बदलून द्यावे लागले. २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टच्या ‘कायनेक्ट’ने हातात काहीही न धरता, अवरक्त किरणांच्या साहाय्याने शरीराची हालचाल ओळखण्याची सोय केली. या दोन्ही उपकरणांचे उत्पादन आता थांबले आहे. आज प्रामुख्याने ‘निन्टेन्डो स्विच’वरील ‘रिंग फिट ॲडव्हेंचर’ (२०१९) आणि २००९ पासून निघत असलेली ‘जस्ट डान्स’ ही मालिका यांचा उल्लेख होतो. ‘जस्ट डान्स’च्या अनेक आवृत्त्यांच्या निर्मितीत युबिसॉफ्ट कंपनीच्या पुणे येथील स्टुडिओचाही वाटा आहे.

अशा खेळांमुळे शरीराला खरोखर श्रम होतात का? होतात, परंतु किती, हे खेळावर अवलंबून असते. लिव्हरपूलच्या संशोधकांनी १३ ते १५ वयोगटातील ११ मुलामुलींवर केलेली छोटी पाहणी डिसेंबर २००७ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाली. बसून खेळण्याच्या गेमच्या तुलनेत ‘वी’वरील बोलिंग, टेनिस आणि मुष्टियुद्ध खेळताना किमान ५१ टक्के अधिक ऊर्जा खर्च होते, असे तीत आढळले. मात्र हेच खेळ प्रत्यक्ष मैदानावर खेळताना होणाऱ्या खर्चापेक्षा हे प्रमाण कमीच होते. टोरांटो येथील संशोधकांनी २०१० मध्ये १८ अभ्यासांचा आढावा घेतला. केवळ हातांनी खेळायच्या गेमपेक्षा पायांचा वापर असलेल्या गेममध्ये श्रम स्पष्टपणे अधिक होतात, असे त्यातून दिसून आले. पालकांनी खरेदीपूर्वी लक्षात ठेवावी अशी ही गोष्ट आहे; वेष्टनावरील जाहिरातीवरून ती कळत नाही.

प्रयोगशाळेतील हा लाभ घरात टिकतो का, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर फारसे उत्साहवर्धक नाही. अमेरिकेतील ह्यूस्टन शहरात ९ ते १२ वर्षांच्या मुलांना ‘वी’ उपकरण घरी देण्यात आले. काहींना सक्रिय, तर काहींना बैठे खेळ मिळाले. सुमारे तीन महिने त्यांच्या हालचालींची यंत्राद्वारे नोंद घेण्यात आली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दोन्ही गटांच्या एकूण हालचालीत फरक आढळला नाही. मुले कदाचित कमी जोर लावून खेळली असावीत किंवा घरात दमल्यावर बाहेरचे खेळणे त्यांनी तेवढेच कमी केले असावे. न्यूझीलंडमध्ये अधिक वजन असलेल्या ३२२ मुलांवर २४ आठवडे झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात वजन-उंची निर्देशांकात सुमारे ०.२४ एवढाच फरक पडला.

याउलट, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला लुईझियाना राज्यातील प्रयोग यशस्वी ठरला. त्यात अधिक वजन असलेल्या १० ते १२ वर्षांच्या ४६ मुलांचा समावेश होता. खेळणाऱ्या गटाने आठवड्यातून तीन दिवस, प्रत्येकी एक तास, कुटुंबातील व्यक्ती किंवा मित्रासोबत खेळायचे होते. हळूहळू कठीण होत जाणारे वेळापत्रक ठरवून दिलेले होते आणि एक प्रशिक्षक व्हिडिओ कॉलवरून नियमित चौकशी करत असे. या गटातील मुलांनी ठरलेल्या खेळापैकी सुमारे ९४ टक्के खेळ पूर्ण केला आणि वयाच्या मानाने त्यांच्या वजनाचे प्रमाणही घटले. दोन्ही प्रकारच्या प्रयोगांत खेळ साधारण सारखेच होते. फरक होता तो सोबतीचा आणि वेळापत्रकाचा. नुसते उपकरण आणून दिल्यास काही आठवड्यांत त्यावर धूळ बसते, हा अनुभव बहुतेक घरांना नवा नसावा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी दररोज सरासरी ६० मिनिटे मध्यम ते तीव्र स्वरूपाची हालचाल करावी. आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायू आणि हाडे बळकट करणारे व्यायामही अपेक्षित आहेत. संघटनेच्याच २०१६ सालच्या आकडेवारीनुसार भारतातील ११ ते १७ वयोगटातील जवळजवळ तीन चतुर्थांश मुले हे प्रमाण गाठत नव्हती. पावसाच्या दिवशी पायांचा वापर असलेला अर्ध्या तासाचा खेळ या ६० मिनिटांत मोजता येईल, परंतु मूल धापा टाकेल इतपत तो जोमाने खेळला गेला तरच. पाच वर्षांखालील मुलांसाठी मात्र हा पर्याय सुचवता येत नाही. दोन वर्षांखालील मुलांना पडद्यापासून दूर ठेवावे आणि दोन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी ही मर्यादा एक तासाची असावी, अशी भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची शिफारस आहे.

जागेचा विचारही आवश्यक आहे. ‘कायनेक्ट’साठी एका खेळाडूला सुमारे सहा फूट आणि दोघांना आठ फूट अंतर लागत असे, इतर खेळांतही हात-पाय मोकळे फिरतील एवढी जागा हवीच. एचएसआर लेआउटमध्ये तीस बाय चाळीस फुटांच्या भूखंडांवर मजले चढवून भाड्याने दिलेली घरे अनेक आहेत. तेथे बैठकीच्या खोलीतील टीपॉय हलवल्याशिवाय हे शक्य होत नाही. उड्यांचा आवाज थेट खालच्या मजल्यावर पोहोचतो. त्यामुळे जाड चटई अंथरणे आणि रात्री आठनंतर उड्यांचे खेळ टाळणे शेजारधर्माला धरून होईल. पाऊस उघडल्यावर उद्यानाचा पर्याय उरतोच: २०२४ मध्ये शहरातील उद्याने पहाटे पाच ते रात्री दहापर्यंत खुली ठेवण्याचा निर्णय झाल्याने उशिरा घरी येणाऱ्या पालकांनाही मुलांसोबत तेथे जाता येते.