तळटीप : स्टुडंटची टी-चाचणी

७. 'स्टुडंट' हे डब्लिनच्या गिनेस बिअर कारखान्यात नोकरीला असलेल्या विल्यम सीली गॉसेट (१८७६–१९३७) यांचे टोपणनाव. नमुना लहान असताना सरासरीवर कितपत विसंबावे, याचे गणित त्यांनी १९०८ साली 'बायोमेट्रिका'त मांडले. चाचणीला आजचे रूप पुढे रोनाल्ड फिशर यांनी दिले. लेखकाने वर उल्लेखलेले आकडे गॉसेट यांच्या त्याच लेखातले आहेत. दहा रुग्णांना झोपेची दोन औषधे वेगवेगळ्या वेळी दिली गेली. पहिल्याने झोप सरासरी ०.७५ तास वाढली, दुसऱ्याने २.३३ तास, फरक १.५८ तासांचा. 'औषधांत फरक नाही' ही शून्य परिकल्पना धरून या फरकाला त्याच्या प्रमाण त्रुटीने भागले की टी मिळतो. प्रत्येक रुग्णाची तुलना त्याच्याशीच केली, तर टी ४.०६ येतो. दहा जोड्यांसाठी पाच टक्के पातळीची मर्यादा २.२६ असल्याने परिकल्पना नाकारली जाते. तेच आकडे दोन स्वतंत्र गटांचे मानले, तर मात्र टी १.८६ वर उतरतो आणि २.१० ही मर्यादा गाठत नाही; कारण रुग्णारुग्णांमधली तफावतही त्रुटीत मिसळते. तेव्हा चाचणी जोडीची की स्वतंत्र गटांची, हे प्रयोगाच्या आखणीवरून आधीच ठरवायचे असते; उत्तर पाहून नव्हे. शिवाय टी मोठा आला म्हणजे औषधाचा गुणही तितकाच मोठा, असे नाही. मोठ्या नमुन्यात किरकोळ फरकही मर्यादा ओलांडतो. — संपा.